तुटेपर्यंत ताणू नये, पण कुठपर्यंत ताणावं?

पट्टीवाला_जळगाव

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

जळगाव एमआयडीसीत आमचा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) बॉक्स पट्टीचा छोटा प्लांट आहे. खोक्यांना बांधतात ती पट्टी. दाणा वितळून एक्स्ट्रूडरच्या तोंडातून जाड पट्टी निघते, पाण्याच्या टाकीत थिजते, मग रोलरच्या दोन संचांमधून जाते. पहिला संच हळू फिरतो, दुसरा सातपट वेगाने, मधे ओव्हन. एक मीटर आत गेली की सात मीटर बाहेर. टाकीतून निघालेली पट्टी हातात घ्या, दुधी, लिबलिबीत, नख रुतेल अशी. तीच ओव्हनपलीकडे पातळ, चकचकीत आणि इतकी ताठ होते की वीतभर तुकडा एका टोकाला धरला तरी जेमतेम झुकतो. बावीस वर्षं हे बघतोय, अजून कंटाळा आलेला नाही.

अडचण अशी. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची तक्रार आहे की खोकी बांधून ठेवली की तिसऱ्या दिवशी पट्टी सैल पडते. त्यांना आणखी ताठ पट्टी हवी. मी म्हटलं, सातपट ताणून एवढी ताठ होते तर आठपट ताणू. तर पट्टी पांढरी पडते, उभी चिरते आणि तुटते. दिवसाला पाच-सहा वेळा लाइन थांबते.

माझे प्रश्न दोन. एक, ताणत गेलं की प्लास्टिक ताठ होत जातं, हे कुठपर्यंत? दोन, माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो की कॅरीबॅगचं जे पॉलिथिन, त्याचंच बुलेटप्रूफ जाकीट होतं, फक्त ताणून. हे खरं असेल तर माझ्या पीपीनं काय घोडं मारलंय?

सुतळीबाज

धाग्याचं नाव वाचून वाटलं भावकीतल्या वाटण्यांवर चर्चा आहे. असो, बसतो. विषय आपलाच आहे.

गोडेट_काका

पट्टीवाले, स्वागत. मी एकतीस वर्षं टेप प्लांटवर काढली, शेवटची बारा सिल्वासाला. पोत्यांची विणाई होते ती टेप. आता नाशिकला घरीच असतो.

ताणायच्या आधीचं बोलू. चार गोष्टी सांगा. रिग्राइंड, म्हणजे दळून परत वापरलेला माल, किती टाकता? फिलर, म्हणजे भरीची भुकटी, किती? माल गाळायची जाळी किती तासांनी बदलता? आणि हे तुटणं कधीपासून सुरू झालं? शेवटच्याचं उत्तर नीट आठवून द्या.

सायन्सबाई

पट्टीवाले दादा, तुम्ही रोज जे बघता ते मी नववीच्या वर्गात दुधाच्या पिशवीवर दाखवते. पिशवी धुऊन, वाळवून बोटभर रुंदीची पट्टी कापायची. कडा कात्रीने अगदी साफ हव्यात, जरा खाच राहिली तर तिथेच फाटते. पेनाने दर एक सेंटिमीटरवर रेघ मारायची आणि दोन्ही हातांनी हळूहळू ओढायचं.

मुलांना वाटतं पट्टी सगळीकडे सारखी बारीक होत जाईल. तसं होत नाही. मधेच एका जागी एकदम कंबर पडते. मग ती कंबर दोन्ही बाजूंना सरकत जाते, जाड भाग गिळत गिळत. कंबरेतल्या रेघा मोजल्या तर एकाच्या चार, कधी पाच सेंटिमीटर झालेल्या असतात, आणि बाहेरच्या अजून एकच सेंटिमीटरवर! मधे काही नाही. सगळी पट्टी बारीक झाली की मग ओढायला खरा जोर लागतो आणि बोटात रुतते. तो क्षण आला की वर्गात एकदम आवाज होतो.

नंतर ती ताणलेली पट्टी उकळत्या पाण्यात सोडते. आक्रसून गोळा होते. आलेलं लांबपण परत जातं, हे बघून एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, हिला आठवतं का?" मी त्या वेळी हसले, पण प्रश्न अगदी बरोबर होता.

लिंबुर्गकर

सायन्सबाई, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. मी पॉलिमरवाला, मूळचा सांगलीचा, अकरा वर्षं नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला राहतो. पट्टीवाल्यांचा दुसरा प्रश्न ज्या गावात सुटला त्या गावापासून सायकलवर अर्ध्या तासात पोचतो, म्हणून मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. थंड होताना त्या स्वतःवरच मागेपुढे घड्या घालत स्फटिक बनवतात, नऊवारीच्या निऱ्या असतात तशा. प्रत्येक निरी साधारण १० नॅनोमीटर उंच. या घड्या ब्रिस्टलला अँड्र्यू केलर यांनी १९५७ साली दाखवून दिल्या. निऱ्यांच्या चळती आणि मधे सैल गुंता, अशी साध्या प्लास्टिकची रचना. अशा मालाला ओढलं की तुम्ही निऱ्या आणि गुंता ओढत असता, साखळी नव्हे. म्हणून ओतीव एचडीपीईचा (बादलीचं कडक पॉलिथिन) ताठपणा जेमतेम १ गिगापास्कल (हे ताठपणा आणि मजबुती मोजायचं एकक), पीपीचा दीडच्या आसपास. पोलादाचा २००.

पण एकेक साखळी सरळ करून तिलाच ओढता आलं तर? कार्बन-कार्बन बंध ओढायचा म्हणजे हिऱ्यातलाच बंध. क्ष-किरणांनी मोजलं तर पॉलिथिनच्या स्फटिकाचा साखळीच्या दिशेचा ताठपणा २३५ गिगापास्कलच्या घरात येतो, हिशेब करून तीनशेच्या आसपासही येतो. पोलादापेक्षा जास्त, आणि घनता ०.९७, म्हणजे पाण्यावर तरंगणारा माल. तो ताठपणा तुमच्या दुधाच्या पिशवीत आधीपासून आहे, फक्त निऱ्यांमध्ये घडी करून ठेवलेला. ताणणं म्हणजे निऱ्या मोडून साखळ्या एका दिशेला उभ्या करणं.

१९७० च्या दशकात लीड्स विद्यापीठात इयन वॉर्ड आणि जियानकार्लो कापाच्चो यांनी साधंच एचडीपीई घेतलं. योग्य वजनाच्या साखळ्या निवडल्या, थंड कसं करायचं ते ठरवलं आणि ७५ अंशांच्या आसपास सावकाश ओढलं. दहापटीवर न थांबता ३० पटीपर्यंत गेले. ताठपणा ७० गिगापास्कलच्या आसपास. म्हणजे ॲल्युमिनिअमइतका, आणि काचेइतकाही. बादलीच्या प्लास्टिकमधून!

पीपीचं उद्या लिहितो, इथे रात्र झाली.

पट्टीवाला_जळगाव

@लिंबुर्गकर तुमची निऱ्यांची गोष्ट आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवली. तीस पट ऐकून ऑपरेटर म्हणाला, "भो, आपल्याला आठ झेपेना."

@गोडेट_काका रिग्राइंड १५ टक्के, आमचाच माल, बाहेरचा दाणा नाही. फिलर दोन टक्क्यांच्या आत. जाळी दर आठ तासांनी. तुटणं कधीपासून… खरं सांगायचं तर सातपटीलासुद्धा अधूनमधून तुटते हल्ली. रजिस्टर बघून सांगतो.

मालवणी_तंगूस

माका ह्यातला सायन्स कळणा नाय, पण जाळ्यातला कळता. आमच्याकडे बारीक जाळ्याला तंगूस लागतो, नायलॉनचा एकेरी तार. आणि दोऱ्या एचडीपीईच्या. तंगूस पाण्यात बुडतो, एचडीपीईचा दोर तरंगतो, हे पोरगाही जाणतं. पण एक गोष्ट नव्या माणसाच्या ध्यानात येत नाही. नवा तंगूस कोरडा ओढून बघितला आणि तोच रात्रभर पाण्यात ठेवून ओढला, तर हाताला फरक लागतो. ओला जास्त लांबतो. नायलॉन पाणी पितं. एचडीपीई पीत नाही.

आणि ताठ म्हणजे चांगला असं आमच्याकडे नाही. मासा आदळला की तंगूस थोडा द्यायला हवा. नाही दिला तर मासा तोडून जातो, नाहीतर कल्ल्यात अडकायच्या आधी मागे फिरतो.

कातळकडा

मालवणी दादांशी शंभर टक्के सहमत, आणि इथे एक गोष्ट गंभीरपणे लिहायची आहे. सह्याद्रीत कडे चढणाऱ्या नव्या मुलांच्या कमरेला हल्ली पांढऱ्या बारीक डायनीमाच्या, म्हणजे खूप ताणलेल्या पॉलिथिनच्या, स्लिंग (अडकवायचे पट्ट्याचे फास) असतात. हलक्या, बोटाएवढ्या रुंद, २२ किलोन्यूटनचा शिक्का. मुलांना वाटतं, पोलादाहून मजबूत, मग काय भीती.

भीती हीच की ती ताणतच नाही. नायलॉनचा चढाईचा दोर लांबून धक्का पोटात घेतो. डायनीमाच्या स्लिंगला अँकरवर (कड्यातल्या आधारावर) अडकवून वर चढलात आणि तिच्यावर पडलात, तर मीटरभराच्या पडण्यातही सगळा धक्का अँकरला आणि तुमच्या पाठीच्या कण्याला. शिवाय ती निसरडी, गाठ सरकते, आणि १४५-१५० अंशांना वितळते, म्हणजे दोरावर दोर घासला तरी धोका. आमच्या गटात एकदा सरावात स्लिंगवर वाळूचं पोतं टाकून दाखवलं. पोतं फार खाली नव्हतंच, तरी अँकरचा आवाज ऐकून सगळे गप्प झाले. ताठपणा ही गोष्ट कामानुसार मागावी.

लोखंडी_मन

एक मिनिट. इथे ताठ, मजबूत, टणक सगळं एकत्र चाललंय. मेकॅनिकलवाला म्हणून बोलतो. ताठपणा म्हणजे थोडं लांबवायला किती जोर लागतो. मजबुती म्हणजे तुटायला किती लागतो. काच ताठ आहे, पण पडली की संपली. पट्टीवाल्यांच्या गिऱ्हाइकाची तक्रार या दोन्हींपैकी एकही नाही. पट्टी बांधली तेव्हा ताण बरोबर होता, तिसऱ्या दिवशी गेला. हा सरकण्याचा प्रश्न, म्हणजे क्रीप. मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचा आकडा, दुप्पट केला म्हणून पट्टी सैल पडायची थांबेल याची खात्री नाही. सरळ पीईटीची (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) पट्टी विका.

सुतळीबाज

लोखंडी_मन आले की चर्चेला ताठपणा येतो.

लिंबुर्गकर

लोखंडी_मन यांचा मुद्दा बरोबर, निष्कर्ष अर्धाच पटतो.

पीईटीची पट्टी ताण जास्त दिवस धरते, कारण तिच्यातला स्फटिक नसलेला भाग ७५ अंशांच्या खाली गोठल्यासारखा असतो. पीपीमधला तोच भाग शून्य अंशाच्या आसपासच मोकळा होतो. जळगावच्या गोदामात तो सतत जागा असतो, आणि भार टाकला की साखळ्या हळूहळू एकमेकींवरून सरकतात. पण चांगल्या ताणलेल्या पीपीत मोकळ्या साखळ्या कमी उरतात, त्या ताणल्या जाऊन दोन स्फटिकांना बांधून ठेवतात. सरकणं थांबत नाही, कमी मात्र नक्की होतं. तेव्हा गिऱ्हाइकाची मागणी अगदीच चुकीची नाही.

आता पीपीनं काय घोडं मारलंय. पॉलिथिनची साखळी नागमोडी, पण सपाट, जवळजवळ सरळ. पीपीच्या साखळीला एक सोडून एक कार्बनवर मिथिल गट चिकटलेला असतो. त्याला जागा हवी म्हणून साखळी पिळते आणि स्प्रिंग बनते, तीन घटकांत एक वेढा. स्प्रिंग कितीही नीट उभी केली तरी ओढताना आधी वेढा उलगडतो, बंध नंतर. त्यामुळे पीपीच्या निर्दोष स्फटिकाचाही ताठपणा ४० गिगापास्कलच्या आसपास संपतो. पॉलिथिनच्या सहावा हिस्सा. हा रसायनाचा शेवट आहे, पट्टीवाल्यांचा दोष नाही.

मात्र तुम्ही त्या ४० च्याही फार खाली आहात. साध्या टेप-पट्टीला पाच-सात मिळतात. पंधरा-सतरापट ताणलेल्या पीपी टेपला १५ गिगापास्कल मिळालेत, आणि अशा टेपा एकमेकींवर घालून नुसत्या उष्णतेने आणि दाबाने जोडून पत्रे बनवतात. ती कल्पनाही लीड्सचीच. टेपांचा वरचा पापुद्रा तेवढा वितळवायचा, आतला ताणलेला गाभा तसाच ठेवायचा. काच नाही, राळ नाही, सगळंच पीपी, म्हणून परत वितळवताही येतं. महागड्या हलक्या सूटकेस अशा पत्र्याच्या असतात.

अनघा_इचलकरंजी

मी सूतगिरणीतली. तुम्ही सगळे ताणण्याबद्दल बोलताय आणि आमच्याकडे ड्रॉ फ्रेम दिवसभर तेच करते. तिथेही मागचे रोलर हळू, पुढचे जोरात, कापसाचा पेळू ओढून बारीक होतो आणि तंतू सरळ होतात. फरक एवढाच की आमचे तंतू सुटे असतात, ओढले की सरकतात. म्हणून नंतर पीळ द्यावा लागतो. तुमच्याकडे साखळ्या गुंतलेल्या असतात म्हणून पीळ लागत नसावा. मग गुंता चांगला की वाईट?

शेवयांची_वेळ

अनघाताई, अगदी हेच माझ्या मनात आलं! पंढरपूरला आजी हातशेवया करायची. रवा मळून, कुटून, ओला हात फिरवून झाकून ठेवायची. आम्ही पोरं लगेच ओढायला धावलो की चटकन तुटायच्या. "मुरू दे गं, त्याच्या अंगातली रग जाऊ दे," म्हणायची. मुरलं की तेच पीठ बोटांवर दुहेरी, चौहेरी करत केसासारखं व्हायचं. आणि ओढायची गती एकच, घाई नाही. फार सैल मुरवलं तर मात्र शेवई ओघळायची, ओढली जायची नाही.

लिंबुर्गकर

शेवयांची_वेळ, तुमच्या आजीचं शेवटचं वाक्य आमच्या अख्ख्या शाखेत कळीचं आहे. फार गरम ठेवून, फार हळू ओढलं तर प्लास्टिकसुद्धा ओघळतं. लांब होतं दहापट, पण साखळ्या सरळ होण्याऐवजी एकमेकींतून निसटतात. मोजपट्टी सांगते ताणलंय, ताठपणा सांगतो काहीच झालं नाही. माझ्या पहिल्या वर्षीचे कितीतरी नमुने असे गेले. दिसायला सुंदर, ताणलेले, आणि हातात घेतले तर ढिले.

अनघाताई, गुंता किती, हाच खरा प्रश्न. गुंता अजिबात नसेल तर साखळ्या निसटतात. फार असेल तर ओढताना गाठी आवळतात आणि थोड्याच ताणात तुटतं. लांब साखळ्या घेतल्या तर मजबुती जास्त, पण गुंताही भयंकर. अतिलांब पॉलिथिन घ्या, साखळीचं वजन (रेणुभार) ३० लाखांच्या पुढचं. तिची एक साखळी मिलिमीटरभर जाडीच्या दोऱ्याएवढी कल्पिली तर लांबी पन्नास मीटर. अशा अब्जावधी साखळ्यांचा गोळा. तो वितळवूनसुद्धा धड वाहत नाही, ओढणं तर दूरच.

आता तो अर्ध्या तासावरचा गाव. खेलेनला डीएसएम या डच रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्त्रा यांनी १९७९ मध्ये हा गुंता सोडवला. गुंतलेल्या केसांना आपल्या आया काय करतात? भरपूर तेल लावतात. त्यांनी पॉलिथिन डेकालिन नावाच्या द्रावकात विरघळवलं, शंभरात जेमतेम काही भाग. पातळ द्रावणात साखळ्या लांब लांब राहतात, गाठी मोजक्याच. त्याचा धागा काढून पटकन थंड केला की जेली थिजते आणि गाठी कमीच राहतात. मग द्रावक काढून, वितळणबिंदूच्या जरा खाली गरम ठेवून ओढायचं. ३० पट, ५० पट, आणखीही. ताठपणा १०० गिगापास्कलच्या वर, मजबुती ३ गिगापास्कलच्या पुढे. १९९० पासून शेजारच्या हेर्लेनला डायनीमाचं उत्पादन सुरू झालं. पट्टीवाले, भाचा बरोबर सांगत होता. रसायन कॅरीबॅगचंच, साखळ्या फार लांब आणि गुंता आधीच सोडवलेला. आता तर घन भुकटीच लाटून-ताणून, द्रावक न वापरता टेप बनवतात, तेइजिन कंपनीने एंड्युमॅक्स नावाने तशी टेप आणली.

ताणताना जोर किती लावला यापेक्षा ओढायच्या आधी माल कोणत्या अवस्थेत होता, यावर सगळं ठरतं. म्हणून गोडेट काकांनी पहिल्याच दिवशी ताणायच्या आधीच्या गोष्टींकडे मोर्चा वळवला असणार, असा माझा अंदाज आहे.

गोडेट_काका

लिंबुर्गकर, तुम्ही पुस्तकातून आलात, मी टाकीतून. एकाच ठिकाणी पोचलो, बरं वाटलं.

पट्टीवाले, रजिस्टरचं काय झालं?

बाटलीतला_राक्षस

मधे छोटंसं. पाण्याची पीईटी बाटली घ्या. झाकणाच्या खालचं तोंड जाड, कडक, आटे पडलेलं. तो भाग ताणलेला नसतो. पोट मात्र उभं-आडवं दोन्हीकडे ताणलेलं. बाटली आधी परीक्षानळीसारखी जाड नळी असते, तापवून दांड्याने लांब करतात आणि हवेने फुगवतात. रिकाम्या बाटलीत उकळतं पाणी ओता, सांभाळून, मोरीत ठेवून. पोट आक्रसतं. सायन्सबाईंच्या विद्यार्थिनीचा प्रश्न इथेही लागू.

सायन्सबाई

@बाटलीतला_राक्षस घेतलं! पुढच्या आठवड्यात वर्गात. उकळतं पाणी मीच ओतेन.

पट्टीवाला_जळगाव

@गोडेट_काका रजिस्टर काढलं. फेब्रुवारीत महिन्याला दोन-तीनदा तुटलीय. मार्चअखेर आठवड्याला चार-पाच. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज. मधल्या काळात दाणा तोच, ऑपरेटर तोच.

गोडेट_काका

टाकीत हात घालून बघा.

पट्टीवाला_जळगाव

काका, आत्ता टाकीजवळ उभा राहून टाइप करतोय. हात घातला आणि काढला. आंघोळीच्या पाण्यापेक्षा गरम. थर्मामीटर लावला तर ५४. चिलर मार्चमध्ये बंद पडला होता. मेकॅनिक म्हणाला दोन दिवसात येतो, आला नाही, आणि कूलिंग टॉवरवर भागतंय म्हणून आम्हीही सोडून दिलं. बाहेर ४४ अंश आहे. टॉवर काय गार करणार?

गोडेट_काका

हेच. मी धागा वाचला तेव्हाच "जळगाव" आणि "पांढरी पडते" हे दोन शब्द एकत्र दिसले.

नीट ऐका. गरम पाण्यात पट्टी सावकाश थिजते, स्फटिक मोठे, भरड होतात. गार पाण्यात झटकन थिजते, स्फटिक बारीक, अर्धवट राहतात आणि ओढल्यावर सहज मोडून उभे राहतात. भरड स्फटिक मोडत नाहीत, त्यांच्या कडेने फटी पडतात. ते पांढरं दिसतं ते फटींचं. पुढे त्या फटी जोडून उभी चीर जाते. तुमची पट्टी तर आमच्या टेपेपेक्षा जाड, तिचा गाभा आणखी उशिरा थिजतो.

काम असं करा. चिलर लावून पाणी ३० च्या आसपास आणा. एक्स्ट्रूडरचं तोंड आणि पाण्याची पातळी यातलं अंतर कमी ठेवा आणि रोज तेवढंच राहू द्या. टाकीतून बाहेर पडताना पट्टीवर पाणी राहू देऊ नका. स्पंज आणि हवेचा झोत दोन्ही ठेवा, कारण एक थेंब ओव्हनमध्ये गेला की तेवढाच भाग गार राहतो आणि तिथे तुटते. मग सातवर चालवा, चार तास न तुटता गेली तरच साडेसात. एका दमात आठ नको. दोन ओव्हन असतील तर ताण दोन टप्प्यांत विभागा.

लोखंडी_मन

काका, नुसत्या पाण्याने एवढा फरक पडत असेल यावर विश्वास ठेवायला मला जड जातंय. मी अजूनही पीईटीच्या बाजूने आहे.

गोडेट_काका

तुमचं पीईटी वाईट नाही, पण त्याला वेगळा ड्रायर, वेगळा स्क्रू, वेगळं भांडवल लागतं. पट्टीवाल्यांकडे आज चिलर दुरुस्त करण्याएवढे पैसे आहेत. आधी ते करू दे.

पट्टीवाला_जळगाव

उशीर झाला लिहायला, बारा दिवस गेले. मेकॅनिक नवीन शोधला. टाकी आता २८ ते ३१ मधे राहते. स्पंज बदलले, हवेचा झोत बसवला. पहिल्या दिवशी सातवर चालवली, रात्रभर एकदाही तुटली नाही. ऑपरेटर सकाळी स्वतः फोन करून सांगत होता. तिसऱ्या दिवशी आठ. आता दोन टप्प्यांत ओढून नऊवर चालतेय. दहाला पुन्हा पांढरी पडली, म्हणून मागे आलो.

लोखंडी_मन यांनी म्हटल्याप्रमाणे सैल पडण्याचं वेगळं तपासलं. जुनी सातपटीची आणि नवी नऊपटीची, दोन्ही पट्ट्या शेडमधल्या आढ्याला टांगल्या, खाली सारखंच वजन, आणि खुणांमधलं अंतर रोज स्टीलच्या पट्टीने मोजलं. पाचव्या दिवशी जुनी मीटरला ११ मिलिमीटर लांबली, नवी ६. दोन्ही अजून टांगलेल्या आहेत, कामगार येता-जाता बघतात. गिऱ्हाइकाला नवीन मालाची दोन बंडलं चाचणीला पाठवलीत.

लोखंडी_मन

५ दिवसांत ११ ला ६. मोजायची पद्धत योग्य आहे, मान्य करतो. महिनाभर टांगून ठेवा, शेडमधलं दुपारचं तापमानही लिहा.

लिंबुर्गकर

मला हा आकडा वाचून फार आनंद झाला. आढ्याला टांगलेल्या पट्टीचा फोटो टाकाल का?

पट्टीवाला_जळगाव

टाकतो उद्या. काका, एकच राहिलंय. नऊपटीची पट्टी टोकाला अजून थोडी उभी चिरते. वाकवून क्लिप दाबली की बांबूसारखी फट जाते. हे का?

गोडेट_काका

बांबूसारखीच आहे ती आता. सगळे धागे उभे, आडवं धरायला काही नाही. जेवढी ताणाल तेवढी चिरायला सोपी, हे राहणारच. ओव्हननंतरचे ठसे उठवणारे रोलर बघा, चौकटीची नक्षी बुजली असेल तर नवीन करा. ठसा खोल असला की चीर एका चौकटीत अडते. आणि फिलर थोडा चालेल, पण हळूहळू वाढवा, ताठपणा जाईल. रोलरची नक्षी शेवटची कधी उजळली होती?

पट्टीवाला_जळगाव

रजिस्टर बघून सांगतो.